सिकोफॅन्ट: अंजीर दाखवणारा लाळघोट्या कसा झाला?

मुळाक्षर

फावल्या वेळात एक हौशी उद्योग चालू आहे. अ‍ॅरिस्टोफनीसच्या 'अकार्नियन्स' या जुन्या ग्रीक विनोदी नाटकातले (इ.स.पू. ४२५) काही प्रवेश इंग्रजी भाषांतरावरून मराठीत आणतोय. छापायचे वगैरे नाहीत, आपले घरच्या घरी.

एका प्रवेशात बाजार भरलाय. अथेन्सशी चाललेल्या युद्धाने कंगाल झालेला मेगारा गावचा माणूस आपल्या पोरींनाच डुकराची पिल्लं म्हणून विकायला घेऊन आलाय. तेवढ्यात 'सिकोफॅन्ट' प्रवेश करतो. शाळेत असताना शब्दार्थाच्या वहीत सिकोफॅन्ट म्हणजे लाळघोट्या असं लिहिलेलं डोक्यात पक्कं होतं. बिनदिक्कत लिहिलं, 'लाळघोट्या येतो.' बायकोने वाचून विचारलं, "हा कुणाची लाळ घोटतोय? हा तर सगळ्यांच्या अंगावर धावतोय."

खरंच की. तो येतो आणि ओरडतो, हा शत्रूचा माल आहे, मी तक्रार गुदरणार! कुणाची स्तुती नाही की पुढेपुढे करणं नाही. मग शोधाशोध केली आणि पार गुरफटलो. जे सापडलं ते इथे टाकतोय, चुकलं तर कान धरा.

मूळ ग्रीक शब्द सूकोफान्तेस. सूकोन म्हणजे अंजीर आणि फाइनेइन म्हणजे दाखवणं, उजेडात आणणं. म्हणजे शब्दशः 'अंजीर दाखवणारा'. अथेन्समध्ये हा शब्द दुसऱ्यांवर ऊठसूट खटले भरून किंवा भरण्याची धमकी देऊन पैसे काढणाऱ्या माणसासाठी वापरत. चापलूस माणसाला ग्रीकमध्ये वेगळाच शब्द होता, कोलाक्स. दोघांत गल्लत नव्हती.

तिथून शब्द लॅटिनमध्ये गेला आणि थोडा सैल झाला. रोमन नाटककार प्लाउटसच्या 'त्रिनुम्मुस'मध्ये तीन नाण्यांवर भाड्याने घेतलेला एक सिकोफॅन्ट आहे. तो खोटी पत्रं घेऊन येतो आणि ज्याने ती लिहिली असं सांगायचं, नेमका त्याच गृहस्थाला रस्त्यात भेटतो. इथे अर्थ नुसता ठग, तोतया. पुढे फ्रेंचमार्गे सोळाव्या शतकात इंग्रजीत आला तेव्हा पहिला अर्थ चहाडखोर, खोटेनाटे आळ घेणारा असाच होता. त्याच शतकाच्या उत्तरार्धात मात्र बड्या लोकांची हांजीहांजी करणारा हा अर्थ जोडला गेला, आणि हळूहळू त्याने जुन्या अर्थाला घराबाहेर काढलं.

गंमत म्हणजे हे फक्त इंग्रजीतच झालं. आजच्या ग्रीकमध्ये सिकोफान्तिस म्हणजे बदनामी करणाराच. फ्रेंचमध्येही तो पुस्तकी शब्द चुगलखोराच्या अंगानेच जातो. म्हणजे ग्रीक माणसाला इंग्रजीत सिकोफॅन्ट म्हणालात तर त्याला भलतंच लागेल.

माझे प्रश्न दोन. एक, चहाडखोराचा चापलूस झाला कसा? दोन, माझ्या प्रवेशात मराठी शब्द कोणता घालू?

टिचकी

मी इतकी वर्षं 'सायकोफॅन्ट' म्हणत होते आणि वेडसर माणसाशी काहीतरी संबंध असणार असं समजत होते. आज कळलं की अंजिराशी आहे. बरं झालं मीटिंगमध्ये कुणाला म्हणाले नाही.

मुळाक्षर

टिचकीताई, सायकोचा काही संबंध नाही. तो सायकी, म्हणजे मन, त्यातला. हा 'सिकफन्ट'च्या जवळ उच्चारतात, जोर पहिल्या 'सि'वर. अमेरिकेत काही जण 'साय'ही करतात, त्यामुळे तुम्ही अगदीच एकट्या नाही.

खडूस

अंजीर दाखवण्याचा आणि खटल्याचा संबंध काय, ते सांगितलंच नाहीत. मुख्य गोष्ट गाळून बाकी सगळं लिहिलंय.

मुळाक्षर

मुद्दाम गाळली, कारण तिच्यावर माझा विश्वास बसत नाही. पण आता मागितलीच आहे तर घ्या.

सगळीकडे सांगितली जाते ती गोष्ट ग्रीक चरित्रकार प्लुटार्कची. अथेन्सचा कायदेकर्ता सोलोन याने कायदे केले तेव्हा ऑलिव्हच्या तेलाखेरीज शेतीचा कुठलाही माल अथेन्सबाहेर न्यायला बंदी केली. त्यावरून अंजीर चोरून बाहेर नेणाऱ्यांना पकडून देणारा तो 'अंजीर दाखवणारा'. पण प्लुटार्क स्वतःसुद्धा छातीठोकपणे सांगत नाही. असं म्हणणाऱ्यांवर अगदीच अविश्वास दाखवता येत नाही, एवढ्यावर तो थांबतो. आणि सोलोनचा काळ इ.स.पू. ५९४ च्या आसपासचा, प्लुटार्क त्यानंतर जवळपास सातशे वर्षांनी. शब्द आधी, गोष्ट नंतर, असा मला संशय आहे.

जुनी खोड

संशय रास्त आहे. शब्दाचे दोन तुकडे दिसले की त्यांना जोडणारी गोष्ट रचायचा मोह माणसाला कायमचाच आहे, आपल्याकडेही काही कमी नाही.

दुसरेही तर्क आहेत. कुणी म्हणतं, अंजिरासारख्या क्षुल्लक वस्तूवरून लोकांना कोर्टात खेचणारा म्हणून. कुणी म्हणतं, झाड हलवून पानाआडची अंजिरं खाली पाडावीत तसा श्रीमंतांना हलवून त्यांचा पैसा बाहेर काढणारा. हा मला आवडतो, पण आवडणं म्हणजे पुरावा नव्हे. आणखी एक तर्क मुठीतून अंगठा बाहेर काढून दाखवायच्या अश्लील खुणेचा आहे. त्या खुणेला युरोपात अंजीरच म्हणतात, शेक्सपिअरच्या 'पाचव्या हेन्री'त पिस्टल 'स्पेनचं अंजीर' देतो ते हेच. पण जुन्या अथेन्समध्ये ती खूण या अर्थाने चालत होती हे दाखवणारं कुणी पुढे आलेलं नाही. थोडक्यात, निकाल लागलेला नाही.

'फाइनेइन' मात्र पक्कं आहे. अथेन्सच्या कायद्यात 'फासिस' नावाची तक्रारीची एक पद्धतच होती. बेकायदा माल दाखवून द्यायचा, आरोप सिद्ध झाला तर दंडाचा अर्धा हिस्सा दाखवणाऱ्याला. हे क्रियापद त्या बाजारात रोज कानावर पडत असणार.

मुळाक्षर

जुनी खोड, तुम्ही माझं एक कोडं सोडवलंत! माझ्या प्रवेशात तो 'मी हे उजेडात आणीन' म्हणून धमकावतो, तेव्हा नाटकाचा नायक विचारतो की वातीशिवाय उजेड पाडायला कुठे शिकलास? मला तो विनोदच कळला नव्हता. तर हा फाइनेइनवरचा श्लेष, दाखवणं आणि दिवा लावणं. मराठीत 'उजेड पाडणे' आयताच आहे की! काय उजेड पाडणार आहेस, आणि तोही वातीविना? भाषांतर करणाऱ्याच्या नशिबात असं दान वर्षातून एकदा पडतं.

रेघोट्या

फाइनेइनची पिलावळ केवढी आहे पाहा. फिनॉमिनन म्हणजे जे दिसतं ते. फॅन्टम, फॅन्टसी, एपिफनी, चंद्राच्या कलांसाठीचा फेज, सगळी एकाच घरातली. आणि अंजिराच्या बाजूने सिकॅमोर हे झाड. मला सगळ्यात आवडलेला शब्द सायकोनियम. अंजीर, वड, पिंपळ, उंबर यांच्या फळाला वनस्पतिशास्त्रात सायकोनियम म्हणतात. हे नेहमीसारखं फळ नसतंच, आत वळलेला फुलोरा असतो. शेकडो बारीक फुलं आत, बाहेरून काही दिसत नाही. म्हणून तर दुर्मिळ गोष्टीला 'उंबराचं फूल' म्हणतात.

कोपऱ्यातली

उंबर निघालंच आहे तर, माझी आजी म्हणायची, "उंबर फोडून केंबरं कशाला उडवायची?" केंबरं म्हणजे उंबराच्या आत असतात ते बारीक उडते किडे. कुणाच्या घरातलं झाकलेलं उकरून चव्हाट्यावर आणलं की हे वाक्य ठरलेलं. हा तुमचा अंजीर दाखवणारा म्हणजे उंबर फोडणाराच की!

जुनी खोड

वा! प्लुटार्कच्या गोष्टीपेक्षा ही म्हण मला जास्त पटते. व्युत्पत्ती म्हणून नाही हां, उगाच कुणी कोशात घालू नका.

खडूस

मला एक कळत नाही. बेकायदा माल पकडून देणारा वाईट कसा? आज त्याला जागल्या म्हणून डोक्यावर घेतील. शब्दाला शिवी बनवणारे कोण होते? ज्यांचा माल पकडला जात होता तेच ना?

जुनी खोड

खडूसराव, नेमकं बोट ठेवलंत. अथेन्समध्ये सरकारी वकील नव्हता. सार्वजनिक गुन्ह्याचा खटला 'हो बूलोमेनोस' भरायचा, म्हणजे 'ज्याची इच्छा असेल तो' नागरिक. ही व्यवस्था सोलोनच्या नावावर सांगतात. दुबळ्याच्या वतीने कुणीही उभं राहावं हा हेतू. आता जिथे कुणीही उभं राहू शकतं तिथे पोटासाठी उभे राहणारेही आलेच. त्यांच्यासाठी अडसर घातला होता. न्यायमंडळाची किमान एक पंचमांश मतं मिळाली नाहीत तर फिर्यादीलाच १००० द्राख्मा दंड, वर तसा खटला पुन्हा भरायची बंदी. कुशल कारागिराची दिवसाची मजुरी साधारण एक द्राख्मा होती, म्हणजे जवळजवळ तीन वर्षांची कमाई. शिवाय अ‍ॅरिस्टॉटलच्या नावावरच्या अथेन्सच्या राज्यघटनेत आहे की वर्षातून एकदा नागरिकांच्या सभेत सिकोफॅन्टांविरुद्ध तक्रारी ऐकल्या जात, तीन नागरिकांविरुद्ध आणि तीन परक्या रहिवाशांविरुद्ध, जास्त नाही. का तीनच, देव जाणे. नाहीतर दिवस पुरला नसता बहुतेक.

तुमचा मूळ मुद्दा अभ्यासकांतही वादाचा आहे. आपण सिकोफॅन्ट आहोत असं कुणीच म्हणायचं नाही, समोरचा मात्र नेहमी सिकोफॅन्ट. भाषणांत ती शिवी म्हणूनच येते. अ‍ॅरिस्टोफनीसच्या 'प्लूटोस' नाटकात एक सिकोफॅन्ट आपली बाजू मांडतो, की कायद्याला मदत करणारा 'इच्छा असेल तो' मीच, शहराचं काम करतो. प्रेक्षक हसले असतील. पण त्याचं म्हणणं तद्दन खोटं नव्हतं.

टिचकी

म्हणजे एकच माणूस, मला सोयीचा असला तर जागल्या आणि गैरसोयीचा असला तर चोंबडा. हे तर दोन हजार वर्षांत काडीचंही बदललं नाही.

अडाणी पंडित

आता संस्कृतातली एक जोड देतो. 'सूचक' शब्दाचा एक जुना अर्थ आहे खबऱ्या, चहाडखोर. शब्दशः 'दाखवून देणारा'. अर्थशास्त्रात कौटिल्याने सूचकाचं मानधनसुद्धा ठरवलंय. अधिकाऱ्याने केलेली अफरातफर दाखवून दिली आणि ती सिद्ध झाली तर वसुलीचा सहावा हिस्सा, आणि सूचक त्याच अधिकाऱ्याचा नोकर असेल तर बारावा. सिद्ध झाली नाही तर शिक्षा. अथेन्सचा आणि याचा काही संबंध नाही, पण दोन्ही ठिकाणी दाखवणारा, त्याला हिस्सा, आणि फुकाचं दाखवलं तर त्यालाच फटका.

आता पुढची चाल बघा. ग्रीक शब्द घसरत घसरत तळवे चाटण्यापर्यंत आला. आपला सूचक मात्र सुधारला. आज ठराव मांडणारा सूचक आणि पाठिंबा देणारा अनुमोदक, दोघेही इस्त्रीचे कपडे घालून व्यासपीठावर.

रेघोट्या

पंडित, हा अफलातून आहे. पुढच्या सभेत सूचकाचं नाव पुकारलं की मला हसू आवरणार नाही.

मुळाक्षर

माझा पहिला प्रश्न बाजूलाच राहिला. चहाडखोराचा चापलूस कसा?

कोपऱ्यातली

यात अवघड काय आहे? वर्गात बाईंना नावं सांगणारी मुलगी आठवा. ती नावं का सांगते? बाईंची लाडकी व्हायला. चहाडी आणि चापलुसी ही दोन कामं नाहीतच. वर पाहून गोड बोलायचं आणि त्याच तोंडाने बाकीच्यांबद्दल कान भरायचे. मराठीत 'कानाला लागणे' म्हणतो त्यात दोन्ही आलंच ना? कानाला लागलेला माणूस स्तुतीही तिथेच करतो आणि चुगलीही तिथेच.

जुनी खोड

कोपऱ्यातली, तुम्ही चार ओळींत सांगितलंत ते मी चार पानांत लिहिलं असतं. त्यात माझी एक पुरवणी. अथेन्सच्या सिकोफॅन्टला लाळ घोटायला एक धनीच नव्हता. त्याचा धनी म्हणजे पाचशे एक जणांचं न्यायमंडळ. खबर चौकात द्यायची, उघड. रोममध्ये बादशाही आली तेव्हा खबऱ्याला, त्यांच्या भाषेत देलातोरला, एकाच माणसाची मर्जी सांभाळायची होती. बादशहा टायबेरियसच्या काळात राजद्रोहाच्या खटल्यात आरोपीच्या मालमत्तेतला चौथा हिस्सा आरोप करणाऱ्याला मिळायचा. तिथे खबर आणि खुशामत वेगळी काढणार कशी? सोळाव्या शतकातलं इंग्लंडही राजदरबाराचंच. दरबारात हा शब्द शिरला आणि त्याला खुशामतीचा वास लागला, असं मला वाटतं. कुठल्या कोशात हे कारण असं दिलेलं नाही, माझी जोडणी आहे.

अडाणी पंडित

जोडणी पटली. आता कुत्रा आणतो मधे. लांगूलचालन हा शब्द आपण हल्ली वर्तमानपत्रात रोज वाचतो आणि त्यातला कुत्रा विसरून जातो. लांगूल म्हणजे शेपूट. भर्तृहरीच्या नीतिशतकात आहे, 'लाङ्गूलचालनमधश्चरणावपातं भूमौ निपत्य वदनोदरदर्शनं च'. शेपूट हलवणं, पायाशी लोळणं, जमिनीवर पडून तोंड आणि पोट दाखवणं, हे कुत्रा घास देणाऱ्यापुढे करतो. हत्ती मात्र गंभीरपणे बघतो आणि शंभर गोड शब्दांनी विनवल्यावर खातो. म्हणजे त्या श्लोकात खरी चापलुसी माहूत करतोय, हत्तीची! हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

मराठीतलं 'गोंडा घोळणे' तेच. आणि इंग्रजीतल्या 'फॉन'चाही जुना वापर कुत्र्याच्या शेपूट हलवण्यासाठीच. लॅटिन 'अदुलारी', ज्यातून अ‍ॅड्युलेशन आला, तेही कुत्र्यांबद्दल वापरत.

जुनी खोड

कुत्रा अथेन्समध्येही आहे, फक्त तो चावतो. सॉक्रेटिसचा शिष्य झेनोफन याने त्याच्या आठवणींत सांगितलंय. क्रिटो हा सुखवस्तू माणूस सॉक्रेटिसपुढे रडगाणं गातो की लोक माझ्यावर खटले भरतात, माझ्याकडून काही आगळीक झाली म्हणून नव्हे, कटकट नको म्हणून मी पैसे देऊन मोकळा होईन हे त्यांना ठाऊक आहे म्हणून. सॉक्रेटिस विचारतो, मेंढरांना लांडग्यांपासून राखायला तू कुत्री पाळतोस ना? मग माणूसही पाळ. क्रिटो आर्केडेमस नावाचा बोलण्यात तरबेज पण गरीब माणूस हाताशी धरतो. त्याला धान्य, तेल, दारू, लोकर पुरवतो, आणि तो सिकोफॅन्टांवर उलट खटले भरून त्यांना सळो की पळो करून सोडतो. पुढे क्रिटोचे मित्रही म्हणायला लागतात, आम्हालाही जरा तुझा हा राखणदार दे.

आता सांगा, शिधा घेऊन दुसऱ्यांवर खटले भरणारा आर्केडेमस कोण झाला?

खडूस

सिकोफॅन्ट! दोन्ही अर्थांनी!! मानलं.

टिचकी

जाता जाता विचारते, टोडी हा शब्दही असाच आहे का? बेडूक खाण्याचं काहीतरी ऐकलं होतं.

रेघोट्या

हो. टोड-ईटर, भेक खाणारा. जत्रेत औषधं विकणाऱ्या भोंदू वैद्याचा गडी विषारी समजला जाणारा भेक खायचा किंवा खाल्ल्याचं सोंग करायचा, मग वैद्य त्याला 'बरा' करायचा. धन्यासाठी काहीही गिळणारा तो टोडी. पॅरासाइट हा तर मुळात 'जेवणाशेजारचा', दुसऱ्याच्या ताटावर बसून वाहवा करणारा. बांडगुळासाठी तो शब्द फार नंतर आला.

खडूस

यंत्रंही लाळघोटी झाल्याचं वाचलं. चॅटबॉट वापरणाऱ्याच्या हो ला हो करतात त्याला संशोधक सिकोफन्सीच म्हणतात. एप्रिल २०२५ मध्ये एका प्रसिद्ध चॅटबॉटची नवी आवृत्ती याच कारणाने मागे घ्यावी लागली होती. उद्या ते यंत्र आपली चुगलीही करायला लागलं की शब्दाचं वर्तुळ पूर्ण.

मुळाक्षर

सगळ्यांचे आभार, पण माझा प्रवेश अजून अडकलेलाच आहे. पुढे दुसरा सिकोफॅन्ट येतो, निकार्खोस. तो बिओशिया या शेजारच्या ग्रीक मुलखातल्या व्यापाऱ्याकडच्या दिव्याच्या वाती जप्त करायला निघतो. का, तर कुणी एखाद्या पाणकिड्याच्या पाठीवर पेटती वात ठेवून त्याला गोदीत सोडला तर सगळं आरमार जळून जाईल! इकडे व्यापाऱ्याला अथेन्समधून असं काहीतरी न्यायचंय जे त्याच्या मुलखात पिकत नाही. नायक म्हणतो, सिकोफॅन्ट ने. आणि निकार्खोसला मडक्यासारखा पेंढ्यात बांधून व्यापाऱ्याच्या हवाली करतात.

इथे कोणता शब्द? 'चहाडखोर' लिहून पाहिला, पण चहाडी कुजबुजत करतात आणि हा बोंब मारतो. शिवाय कोर्ट आणि पैसा त्यात येत नाही. 'खबऱ्या' पोलिसांचा वाटतो. 'चोंबडा' फारच घरगुती. पंडितांचा 'सूचक' मोहात पाडतोय, पण प्रेक्षकाला सभेची आठवण येणार.

कोपऱ्यातली

'उंबरफोड्या'? :)

मुळाक्षर

मोह होतोय! पण मग दर वेळी तळटीप द्यावी लागेल.

अडाणी पंडित

'फिर्यादखोर' कसा वाटतो? भांडखोर, चहाडखोर यांच्या रांगेत बसतो, ऐकताक्षणी कळतो. आणि हा 'खोर' फारसीतून आलेला आहे, अर्थ 'खाणारा'. लाच खाणारा तो लाचखोर. तसा फिर्यादीवर जगणारा तो फिर्यादखोर.

जुनी खोड

+१. खाण्याचा अंश आला हे उत्तम. मडक्यासारखा बांधायलाही सोपा.

मुळाक्षर

ठरलं. 'फिर्यादखोर येतो.' बायकोला वाचून दाखवलं. म्हणाली, "आता कळलं. पण वातीशिवाय उजेड पाडायचं वाक्य त्याच्या आधी घे, तिथे हशा पडेल." ते आधी घेता येत नाही, मूळात नंतर आहे, यावर सध्या घरात फिर्याद चालू आहे.

टिचकी

पंचमांश मतं तरी आहेत का तुमच्याकडे?

मुळाक्षर

घरात दोनच जण. दंड भरायच्या तयारीत आहे.